बडोद्याहून स्वित्झर्लंड: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी, अर्जापासून पहिल्या संध्याकाळपर्यंत

बडोद्यात कुणी "यंदा स्वित्झर्लंड" म्हणालं की ऐकणारा आधी विचारतो, "कुठल्या टूरबरोबर?" टूर काही वाईट नसते. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील, रोज रात्री वरण-भात हवाच असेल, तर खुशाल टूरने जा. ज्यांना आपल्या चालीने फिरायचं आहे, पण परदेशाची ही पहिलीच वेळ म्हणून धीर होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

स्वित्झर्लंड स्वतःचं स्वतः फिरायला फार सोपं आहे. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी आणि डोंगरावरच्या केबल कार यांची वेळापत्रकं एकमेकांशी जुळवलेली असतात, त्यामुळे एका गाडीतून उतरलं की दुसरी समोर उभी असते. अवघड असतो तो त्याच्या आधीचा टप्पा, दांडिया बाजारातल्या घरापासून झुरिचच्या विमानतळाबाहेर पाय ठेवेपर्यंतचा. म्हणून काय काय बघायचं याची यादी मागे ठेवा आणि आधी हा टप्पा नीट बांधा. देशही एकच ठेवा. पॅरिस, व्हेनिस आणि झुरिच एका दमात उरकणाऱ्यांची निम्मी सुट्टी बॅग भरण्यात जाते. मुक्काम दोनच: आधी ल्युसर्न, मग इंटरलाकेन किंवा त्याच्या वरचं एखादं छोटं गाव.

तारखा

गुजरातेतल्या शाळांना मेची मोठी सुट्टी आणि दिवाळीची तीन आठवड्यांची, म्हणून बडोद्यातली कुटुंबं याच दोन खाचांत सहल बसवायला बघतात. दिवाळीचा काळ मला पटत नाही. नोव्हेंबरात उन्हाळी हंगाम संपलेला असतो, बर्फाचा सुरू व्हायचा असतो, कित्येक केबल कार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात आणि पाच वाजता अंधार पडतो. मेच्या सुरुवातीलाही थोडंफार तेच, वर उंचावरच्या पायवाटा अजून बर्फाखाली. मुलांची शाळा असेल तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनची सुरुवात धरा. शाळेचं बंधन नसेल तर सप्टेंबर घ्या. गर्दी ओसरलेली असते आणि हवा बहुधा चांगली. फक्त नवरात्राच्या आत परत यायचं बघा. बडोद्याचा गरबा सोडून आल्प्स बघत बसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पासपोर्टवरचं नाव

पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे. साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. जुना पासपोर्ट असेल तर तीन गोष्टी तपासा: युरोपातून निघाल्यानंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक हवी, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, आणि दोन पानं कोरी हवीत. मी स्वतः सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली की नवा काढते.

बडोद्यातल्या मराठी घरांची खरी अडचण मात्र नावाची असते. इथे शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. त्यात कुठल्यातरी कारकुनाने वडिलांच्या नावाला 'भाई' चिकटवलेलं आणि आईच्या नावाला 'बेन', तर घरच्यांनी बँकेत हौसेने 'राव' लावलेलं. म्हणजे एकच गृहस्थ दाखल्यावर दत्तात्रयभाई, आधारवर दत्तात्रय आणि पॅनवर दत्तात्रयराव. जाधवांच्या इंग्रजी स्पेलिंगात एका कागदावर 'एच' असतो, दुसऱ्यावर गळालेला. त्यात लग्नात बाईचं नाव बदलायची आपली जुनी रीत: माहेरची सुनंदा सासरी सुहासिनी झालेली, पदवी एका नावावर आणि फ्लॅट दुसऱ्या. इथे "अहो, ती मीच" म्हटलं की भागतं. व्हिसाच्या टेबलावर भागत नाही.

म्हणून पासपोर्टवरचं नाव मुख्य धरा आणि बँक खातं, पॅन, प्रवास विमा, विमानाचं तिकीट हे सगळं अक्षर न अक्षर त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडून पासपोर्टच नव्या नावाने घ्या, किंवा मग सगळे कागद जुन्याच नावावर राहू द्या. अर्धं इकडे, अर्धं तिकडे नको. तिकिटाचा फॉर्म भरताना आडनावाच्या रकान्यात आडनाव आणि पहिल्या नावाच्या रकान्यात पासपोर्टवर 'गिव्हन नेम'खाली जे आहे ते सगळं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर त्याच्यासकट. या दुरुस्त्यांना वेळ लागतो, तेव्हा सहलीचा विचार डोक्यात आला की हेच काम पहिलं काढा. हॉटेलं नंतर मिळतात.

व्हिसा

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण डिसेंबर २००८ पासून शेंगेन व्यवस्थेत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे लागतो तो शेंगेन व्हिसाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशीर म्हणजे पंधरा दिवस आधी. या दुसऱ्या मुदतीवर अजिबात जाऊ नका. मे-जूनच्या प्रवासासाठी अख्खा गुजरात एकाच वेळी रांगेत उभा असतो. बडोदेकरांना जवळचं व्हिसा केंद्र अमदावादचं. त्याची अपॉइंटमेंट फेब्रुवारी-मार्चमध्येच पकडा.

मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची ४५, सहाच्या आतल्यांना माफ. वर केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला जातीने जावं लागतं. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट आहे, आणि आधीच्या शेंगेन अर्जासाठी गेल्या ५९ महिन्यांत दिलेले ठसे पुन्हा वापरता येतात.

कागदांची यादी केंद्राच्या संकेतस्थळावर असते, ती इथे उतरवत नाही. त्या कागदांतून अधिकाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात: हा माणूस आपल्या पैशाने फिरणार का, आणि फिरून घरी परतणार का. नोकरदारांनी पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर झाल्याचं कंपनीचं पत्र जोडायचं. त्या पत्रात परत रुजू होण्याची तारीख हवी. दुकान किंवा छोटा कारखाना असणाऱ्यांनी जीएसटी नोंदणी आणि आयकर विवरणपत्रं, निवृत्तांनी पेन्शनचे कागद. बँकेच्या उताऱ्यात पैसे किती आहेत याइतकंच ते कसे आले हेही बघितलं जातं. अर्जाच्या आठवड्यात मामांनी प्रेमाने खात्यात टाकलेले पाच लाख मदतीपेक्षा अडचणच करतात. मामा खर्च करणार असतील तर तसं त्यांच्या सहीचं पत्र आणि त्यांचा उतारा जोडा.

सोबतचं पत्र एक पानाचं, साधं: कोण जातं आहे, कोणत्या तारखांना कुठे मुक्काम, खर्च कोण करणार. सौंदर्यवर्णन नको. प्रवास विमा सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि निदान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा लागतो. विमानाचं नुसतं आरक्षण दाखवता येतं. परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी घेऊ नका, मग एजंट कितीही "साहेब, भाव वाढतोय" म्हणो. हॉटेलंही फुकट रद्द करता येतील अशीच. आणि दोन-तीन शेंगेन देश करण्याचा हट्ट असेलच, तर अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, एवढं लक्षात असू द्या.

पैसे

थोडक्यात. फ्रँक शंभर रुपयांच्या पुढे गेलेला आहे आणि देश महाग आहे, ते गृहीत धरूनच निघा. फॉरेक्स कार्डात फ्रँक भरून घ्या, थोडे रोख फ्रँक बडोद्यातच बदलून घ्या, विमानतळावरच्या खिडकीचा भाव सगळ्यात वाईट. तिथे कार्ड फिरवताना मशीन "रुपयांत की फ्रँकमध्ये?" असं विचारतं. नेहमी फ्रँक. रुपये निवडले की ते त्यांच्या सोयीचा दर लावतात. परकीय चलन घेताना किंवा टूर पॅकेज घेताना टीसीएस (विकणारा आगाऊ वसूल करतो तो कर) कापला गेला तर त्याची नोंद जपून ठेवा, आयकर विवरणपत्र भरताना तो हिशोबात धरता येतो.

बॅग आणि फराळ

आपल्याकडे परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेत आधी डबे जातात आणि उरलेल्या जागेत कपडे. ते ठीकच आहे, कारण तिथे साध्या उपाहारगृहातसुद्धा माणशी पंचवीस-तीस फ्रँक सहज उडतात. पण काय न्यायचं नाही हे कडक आहे.

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात किंवा स्वित्झर्लंडमध्ये भारतातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, श्रीखंड, पनीर, तूप, सगळं घरी ठेवा. ताजी फळं-भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, त्यात कढीपत्ता आला आणि मेमध्ये सगळ्यांना ज्याचा मोह होतो ती केसर आंब्याची पेटीही आली. झुरिचच्या मावशीला आंब्याचा फोटो पाठवा. सुकं खोबरं तर विमानात सामानाच्या बॅगेतही टाकता येत नाही. त्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याच विमान-सुरक्षा खात्याने ते बंद केलं आहे. पुडीत बांधलेली खोबऱ्याची वाटी तपासणीत निघाली की बॅग उघडायला बोलावणं येतं.

न्यायचं ते असं: थेपले, खाकरे, कोरडी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेला रवा, पातळ पोह्यांचा चिवडा. लिलो चेवडो, म्हणजे आपला ओलसर चिवडा, न्यायचाच असेल तर डब्याच्या झाकणावर पूर्ण भरवसा हवा. लोणचं आणि ठेचा सामानाच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या बॅगेत ते द्रवात मोजले जातात आणि तिथे प्रत्येक बाटली १०० मिलीलिटरच्या आतच लागते. तिखटाची पूडही हातातल्या बॅगेत नको. उलट पॉवर बँक हातातच हवी, सामानात टाकली तर काढायला लावतात. रोजची औषधं पट्ट्यांसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर, तीही हातात.

प्रेशर कुकर न्यावा का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. हॉटेलच्या खोलीत शिजवायला बंदी असते. तिथे किटलीत पाणी उकळून रवा नाहीतर पोहे भिजवा, बस. स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घेतलं तर शेगडी बहुधा सपाट काचेची, आणि ती इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर ढिम्म हलत नाही. मी एक लहान स्टीलचं पातेलं नेते, त्यात वरण-भात खिचडी सगळं होतं. फोडणी मात्र खिडकी उघडून आणि मोहरी कमी तापवून करा, कारण छतावर धुराचा भोंगा असतो आणि तो मोहरी-हिंगाला आगच समजतो.

बाकी कपडे: जूनमध्येही डोंगरमाथ्यावर तापमान शून्याच्या आसपास असू शकतं आणि खाली ल्युसर्नला पंचवीसच्या पुढे. एक जाड स्वेटर आणण्यापेक्षा तीन पातळ थर, वर पाऊस अडवणारं जाकीट. बूट नवे घेतले असतील तर आधी पंधरा दिवस कमाटी बागेत घालून फिरा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची पिन तिथल्या खाचेत बहुधा बसते, आपली जाड तीन पिनांची बसत नाही, म्हणून एक ॲडॅप्टर. बॅग एकेकाला एकच, चाकांची, आणि स्वतःला उचलता येईल एवढीच जड. तिथे हमाल नाहीत, आणि गाडीत चढताना पायऱ्या असू शकतात.

मुंबई की अमदावाद

महाराजा सयाजीराव १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा मुंबईहून बोट हाच रस्ता होता. आपल्याला निदान निवड आहे. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून थेट झुरिच नाही, त्यामुळे पर्याय उरतात दोन.

मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे, साधारण नऊ तासांचं, आणि ते मध्यरात्रीनंतर सुटतं. बडोदा ते मुंबई रेल्वेने ३९० किलोमीटरच्या आसपास. दुपारनंतरची वंदे भारत किंवा दुसरी कुठलीही वेळेची गाडी घेऊन बोरीवलीला उतरा. मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलट फिरायची गरज नाही. बोरीवलीहून टॅक्सीने टर्मिनल दोन. गाडी अशी निवडा की दोन-तीन तास उशीर झाला तरी विमान चुकणार नाही, आणि जूनच्या मध्यानंतर निघत असाल तर मुंबईच्या पावसासाठी आणखी मोकळीक ठेवा, हवं तर आदल्या दिवशीच नातेवाईकांकडे मुक्काम टाका. पाणी साचलं की वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सगळी गणितं बुडतात.

अमदावादचा विमानतळ बडोद्याहून एक्सप्रेस वेने दोन-अडीच तासांवर, घरच्या दारातून गाडी काढायची आणि टर्मिनलच्या दारात उतरायचं. पण इथून आखाती देशात, म्हणजे दुबई, अबू धाबी किंवा दोहाला विमान बदलावं लागतं. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर मी अमदावादच सुचवते. ट्रेन, टॅक्सी आणि मग मध्यरात्रीचं विमान ही तिहेरी दमछाक त्यांना नको, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली की मधल्या विमानतळावरही माणूस न्यायला येतो. दोन विमानांमध्ये अडीच ते चार तासांचं अंतर बरं. दीड तासाचं अंतर कागदावर छान दिसतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सुरक्षेची रांग, लांबलचक कॉरिडॉर आणि बाथरूम यातच तो वेळ पुरत नाही.

विमान बदलायचं असेल तर नियम एकच: अख्खा विमानप्रवास एकाच तिकिटावर काढा. मग बॅग थेट झुरिचला जाते, आणि पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं हुकलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीचं काम. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडून चार हजार वाचवणाऱ्याच्या गळ्यात ती जबाबदारी स्वतःच्याच पडते.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. क्रम असा: आधी विमान कंपनीच्या काउंटरवर बॅग आणि बोर्डिंग पास, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. इमिग्रेशनचा अधिकारी कुठे, किती दिवस, कुणाबरोबर असं विचारतो. तिन्हीची उत्तरं एका वाक्यात द्या आणि हॉटेल, परतीचं तिकीट, विमा यांच्या छापील प्रती हाताशी ठेवा. मोबाइलची बॅटरी याच क्षणी संपते.

विमानात

जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं असतं, निदान दोन दिवस आधी. भारतीय शाकाहारी, जैन, असे पर्याय असतात. प्रवासाच्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी येत असेल तर फळांची थाळीही मागता येते. पायाला सूज येते म्हणून दर दोन तासांनी उठून फेरी मारा आणि पाणी पीत राहा. विमानात बसल्या बसल्या घड्याळ झुरिचच्या वेळेला लावून टाका: उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार.

झुरिचला उतरल्यावर

पहिली ओळख गमतीची होते. लांब पल्ल्याची बरीच विमानं ई गेटला लागतात आणि तिथून मुख्य इमारतीत यायला जमिनीखालून एक छोटी गाडी आहे. ती बोगद्यात शिरली की गाईच्या गळ्यातल्या घंटा आणि हंबरणं ऐकू येतं. मुलं खूश होतात, मोठे एकमेकांकडे बघतात.

मग पासपोर्ट तपासणी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली आहे, शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद होते. त्यामुळे रांग हळू सरकते. पुढच्या गाडीची वेळ यावर बेतू नका. इथेही विचारतात ते तेच: किती दिवस, कुठे, परतीचं तिकीट.

बॅग घेऊन बाहेर पडलात की टॅक्सी शोधू नका. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे आणि ल्युसर्नला तिथून थेट गाडी मिळते, साधारण सव्वा तासाची. पर्यटकांसाठीचा स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. तो बडोद्यातूनच ऑनलाइन घ्या. रेल्वे, बस, बोटी आणि बहुतेक संग्रहालयं त्यात येतात, आणि आई-वडिलांबरोबरची सोळा वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डवर फुकट. ते कार्ड मागून घ्यावं लागतं, पण त्याला पैसे पडत नाहीत. मोबाइलवर एसबीबी या स्विस रेल्वेचं ॲप उतरवून घ्या. फलाट क्रमांक, डब्यांची जागा, पुढची जोडगाडी, सगळं त्यात. रोमिंग पॅक घेताना यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे ना ते वाचा, नुसत्या युरोपियन युनियनच्या सिममध्ये ते नसूही शकतं.

फलाटावर तिकीट तपासायला कुणी नाही, दारं-फाटकं नाहीत. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं. तिकीट तपासनीस मात्र गाडीत येतोच आणि दंड जबर असतो. डब्यावर मोठा १ किंवा २ लिहिलेला असतो, आपला वर्ग बघून चढा. दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, बटण दाबायचं असतं. गाडी वेळेवर म्हणजे अगदी वेळेवर हलते. दोन मजली गाड्यांपैकी काहींत मुलांसाठी खेळायची जागा असलेला डबा असतो, लहान मूल बरोबर असेल तर ॲपमध्ये तो शोधा.

गाडीत शांतता असते. मोठ्याने फोनवर "हां, पोहोचलो, बॅग मिळाली" असं सांगणारा एकच माणूस असतो आणि सगळा डबा त्याच्याकडे वळून बघतो. खिडकीबाहेर गवत इतकं हिरवं आणि सारखं की खोटं वाटावं. त्याच वेळी दुसऱ्याही गोष्टी दिसतात, ज्या माहितीपत्रकांत नसतात: स्टेशनबाहेर सिगरेटचा भरपूर धूर, भिंतींवर रंगफवाऱ्यांची चितारणं, आणि भाव बघून पोटात येणारा गोळा. साध्या कॉफीला पाच फ्रँक. पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीचे रुपये करून बघण्याची सवय सुटत नाही. सुटली नाही तर चहा प्यायला मिळणार नाही.

पाण्यावर मात्र एक पैसा खर्च करू नका. नळाचं पाणी पिण्याचंच असतं आणि रस्त्यांवरच्या कारंज्यांचंही. एकट्या झुरिच शहरात अशी बाराशेहून जास्त कारंजी आहेत. जिथे पिण्याचं नसेल तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असते. घरची बाटली भरत राहा. ती आणखी एका कामाला येते: स्वच्छतागृहात पाण्याची सोय नसते, फक्त कागद. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला एक-दोन फ्रँक पडतात, गाडीतलं फुकट, म्हणून उतरण्याआधी जाऊन या.

पहिली संध्याकाळ

पोहोचण्याच्या दिवशी काहीही ठरवू नका. टूरवाले उतरल्या उतरल्या धबधब्याला नेतात आणि अर्धी बस मान टाकून झोपलेली असते. तुम्ही स्वतः आला आहात, त्याचा हाच फायदा.

हॉटेलात खोली दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही, पण बॅगा ठेवून घेतात. खोलीत डबल बेडवर दोन वेगवेगळी पांघरुणं दिसतील, ती तशीच असतात. बहुतेक जुन्या हॉटेलांत एसी नसतो. बाथरूममध्ये बादली-तांब्या नाही आणि टबाबाहेरच्या फरशीला पाणी जायला वाटही नाही, तेव्हा पडदा टबाच्या आत घेऊन अंघोळ करा. रात्री दहानंतर आवाज नको, ही अपेक्षा सगळीकडेच.

दुपारी झोपू नका. फार तर अर्धा तास, गजर लावून. अंघोळ करा, थेपले खा आणि बाहेर पडा. ल्युसर्नमध्ये स्टेशनसमोरच सरोवर आहे आणि पाच मिनिटांवर तो छप्पर असलेला लाकडी पूल, चौदाव्या शतकातला. १९९३च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागून बराचसा जळाला, आतल्या त्रिकोणी जुन्या चित्रांपैकी बहुतेक गेली. पूल पुन्हा बांधला, पण काही जागा मुद्दाम रिकाम्या आणि काळवंडलेल्या दिसतात, त्या बघत चाला. काठावरच्या बाकावर बसा. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो आणि भूक आपल्या वेळेला लागते, सहाच्या सुमाराला. हात हलवत "केम छो" म्हणणारं कुणी ना कुणी भेटेलच. अंकलेश्वरचं किंवा नडियादचं कुटुंब निघण्याची शक्यता दांडगी.

परतताना कोऑप किंवा मिग्रोस या सुपरमार्केटांत दूध, दही, ब्रेड, फळं घ्या. पोहोचण्याचा वार रविवार असेल तर गावातली दुकानं बंद, उघडी मिळतील ती स्टेशनमधलीच. नऊ-साडेनऊपर्यंत कसंबसं जागं राहिलात तर पहाटे चार-पाचला जाग येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चहा करा आणि मोबाइलवर डोंगरांवरच्या थेट कॅमेऱ्यांची चित्रं उघडा, जवळजवळ प्रत्येक माथ्यावर असा कॅमेरा आहे.

पहिला डोंगर मोठा नको. रिगी घ्या: उंची १,७९८ मीटर, पासात पूर्ण येतो. ल्युसर्नच्या धक्क्यावरून बोटीने फित्सनाऊ, तिथून दात्यांच्या रुळांवरची गाडी. ही १८७१ साली सुरू झाली, युरोपातली अशी पहिली. मोठा म्हणजे युंगफ्राऊयोख: त्याचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, दम लागतो, डोकं दुखतं. शरीराला दोन-तीन रात्री मिळाल्यावर, इंटरलाकेनहून, सावकाश पावलं टाकत जा. हृदयविकार किंवा दमा असेल तर बडोद्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. पासावर त्या तिकिटात सवलत आहे, ते फुकट नाही. आणि ते आगाऊ काढून ठेवू नका: सकाळी कॅमेऱ्यात शिखर स्वच्छ दिसलं तर काढा, सगळं पांढरं दिसलं तर त्या दिवशी खालच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यात जा. तिथला श्टाउबबाख धबधबा २९७ मीटरवरून पडतो आणि तो बघायला तिकीट लागत नाही.